रुमालाखालचा आकडा

पौषातलं धुकं. सकाळच्या पाळीच्या बसा कामगार भरून वाळूजकडं गेल्या, तरी बजाजनगरातून ते हाललं नव्हतं. मुलाच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर सांडूबा आपल्या लाल कंधारी बैलाला खरारा करत होते आन बसलेल्या घशानं त्याच्याशी बोलत होते. विकायला म्हणून आणलेला बैल. येईल त्या गिऱ्हाइकाला नावं ठेवून त्यांनी तो घरीच ठेवला होता.

सांडूबा छावणीच्या गुरांच्या बाजारातले जुने दलाल. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा, आत बोटं धरून आकडा सांगायचा. भोवतीच्या गर्दीला पत्ता लागत नाही. बाकी धंदा मात्र सगळा तोंडावर. त्यांचा आवाज पार रस्त्यापलीकडं जायचा. तो बसला तेव्हा बायको चतुराबाई म्हणाली होती, "देवानं ऐकलं बाई माझं!"

मग दवाखान्यात घशात नळी घालून पाहिलं, गाठीचा तुकडा तपासला. मुलगा बद्रीनाथ म्हणाला, "साधी गाठ हाय, आबा. काढून टाकू." गाठीबरोबर आवाजही जाणार, हे त्यानं पोटातच ठेवलं. आज ऑपरेशनची तारीख घ्यायची होती. "आबा, उशीर व्हतोय!" त्यानं हाक मारली, तेव्हा खरारा अर्धाच झाला होता.

दवाखान्यात डॉक्टर श्रीनिवासांशी हात मिळवताना बद्रीनाथनं तो जरा जास्तच वेळ दाबला. सांडूबा खुर्चीत टेकायच्या आत म्हणाले, "काय दाबलंस रे?"

"कुठं काय, आबा?"

"जल्मभर म्या हेच केलं. 'बोलू नका' म्हणलास तू. बैलाचा सौदा चाललाय व्हय हितं? बैलाला कुणी इचारत नाय, खरंय. पर म्या बैल नाय."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "बाबा, किती सांगू तुम्हाला?"

"समदं."

कॅन्सर हा शब्द निघाला. बद्रीनाथनं मान खाली घातली.

"वाटलंच," सांडूबा म्हणाले. "साध्या गाठीला तुझी माय दोन-दोनदा शिरा करत नसती."

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. ऑपरेशन केलं तर गाठीसंगं आवाज जाणार, श्वासाला गळ्याशी भोक राहणार. नाहीतर काही आठवडे रोज यायचं, मशीनखाली किरणांचा शेक घ्यायचा, सोबत इंजेक्शनं. घसा भाजेल, घास उतरायचा नाही, पण आवाज बहुतेक राहील.

"दहातले किती वाचतात?"

डॉक्टरांनी बद्रीनाथकडं पाहिलं. सांडूबांनी खांद्यावरचा रुमाल काढून डॉक्टरांच्या हातावर टाकला. "पोराला नका ऐकवू. हितं सांगा. पंजा म्हंजी पाच, त्याच्यावर येकयेक बोट. आधी ऑपरेशन."

डॉक्टर आधी हसले, मग गंभीर होऊन त्यांनी पंजा धरला, मग बोटं. पुन्हा शेकाचा आकडा. सांडूबांच्या तोंडावरची रेघ हालली नाही.

"येका बोटाचा फरक," ते म्हणाले. "तेवढ्यापायी आवाज नाय देत म्या."

"आबा, येक बोट तरी कामून सोडायचं? सौदा तं तुमी मुकाच करता!"

"सौदा मुका. बैल बहिरा नाय. आन तुझ्या मायला भांडायला कोण?" मग डॉक्टरांकडं वळून, "शेकानं नाय भागलं तर?"

"तर ऑपरेशन. तेव्हा परत असंच बसून बोलू."

"तवा बी मलाच इचारा."

बद्रीनाथनं नाक पुसलं. "कंपनीतली पाळी बदलून घेतो. रोज म्याच आणीन," तो म्हणाला.

बद्रीनाथनं फोनवर रुमालाचं सांगितलं होतं; घरी चतुराबाईनं दारातच गाठलं. "किती बोटं निघाली?"

"बाजारातला आकडा बायकोला सांगत नाय."

"आन आवाज?"

"राहतोय बहुतेक."

"म्हंजी माझी सुटका नाय," ती म्हणाली, आन शिरा चढवायला आत गेली.

सांडूबा मागं गेले. बैलाची डावी बाजू सकाळी राहिली होती. त्यांनी खरारा उचलला. "सरक रे हिकडं," ते बसक्या आवाजात म्हणाले. बैलानं कान हालवला आन सरकला.