एगैलाच्या घरात बर्फ

स्कीइंगचा पहिला सिनेमा मी एका पेशंटच्या मोबाइलवर पाहिला, तिचा गुडघा वाकवता वाकवता.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मूळची नाशिकची. नोकरी कुवेतमध्ये, बनेद अल-गारमधल्या एका खासगी क्लिनिकमध्ये, आणि घर पार दक्षिणेला एगैलात, कारण नवऱ्याची रिफायनरी तिकडे आहे. ती पेशंट म्हणजे एक कुवेती बाई, मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका, माझ्याहून थोडी मोठी. ऑस्ट्रियात बर्फावर पडून तिच्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला होता. ऑपरेशन झाल्यावर ती कुबड्या घेऊन माझ्याकडे आली. नेहमीप्रमाणे मी तिला म्हटलं, "काळजी करू नका, पायऱ्या चढता यायला लागतील."

"पायऱ्यांना आमच्याकडे लिफ्ट आहे, दोक्तोरा," ती म्हणाली. इथे आम्हा फिजिओंनाही सगळे डॉक्टरच म्हणतात. "मला डोंगर उतरायचाय."

गुडघा वाकवताना कळ यायची तेव्हा ती मोबाइल पोटावर उभा धरून स्कीचे सिनेमे लावायची. मला टेबलापाशी उभं राहून ते दिसायचेच. सुरुवातीला मी त्यात फक्त गुडघे बघायचे. कड्यावरून कोणी उडी मारली की माझ्या मनात येई, आता हा आतून फाटणार. हळूहळू मात्र उड्यांच्या मधले तुकडे आवडायला लागले. सगळ्या सिनेमांत ते थोड्याफार फरकाने सारखेच असतात. डोंगराच्या पायथ्याशी छोटं गाव. छपरावरचा बर्फ फावड्याने ढकलणारा कुणीतरी. नोकरी सोडून आलेले चार-पाच जण एका खोलीत राहतायत, ओले मोजे हीटरवर वाळत घातलेत. सगळे सारखे आकाशाकडे बघतायत. मग एका सकाळी कोणीतरी दार वाजवतं, रात्रीत बर्फ पडलाय, आणि सगळे हातातलं टाकून पळतात. शेवटी कोणाला काही मिळत नाही. उन्हाळा येतो, बर्फ वितळतो, सिनेमा संपतो.

एवढ्याशा गोष्टीने मला का ओढावं हे मला तेव्हा कळत नव्हतं. मी ते घरी बघायला लागले. शुक्रवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, पडदे ओढून. बाहेर ऊन असं की बाल्कनीचा कडी-कोयंडा हाताला चटका द्यायचा. सिनेमा संपला की मी घरभर फिरायचे. एक कपाट उघडून आवरायला काढायचे आणि अर्धंच सोडून द्यायचे. खिडकी उघडायचे, धूळ आत आली की लावायचे. पुढे तर मला डोंगरातल्या गावांचे कॅमेरे सापडले. तिथल्या चौकात, डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या दाराशी कॅमेरे लावलेले असतात आणि ते जगात कुठूनही बघता येतात. दोन पेशंटच्या मधल्या वेळात मी जपानातल्या कुठल्याशा गावचा चौक बघायचे. एक माणूस कुत्रा घेऊन जायचा. बर्फ काढणारी गाडी जायची. मग बराच वेळ काहीच नाही. तरी माझी नजर हलायची नाही.

आमची मुलगी कॅनडात शिकते. तिला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "आई, प्लीज. इट्स जस्ट स्लश अँड सॉल्ट." ती कुवेतमध्ये जन्मली, वाढली, मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. मी म्हटलं, "सिनेमात तो चिखल आणि रस्त्यावरचं मीठ दिसत नाही." त्यावर ती नुसती हसली.

नवरा इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. शांत माणूस. त्याचा शुक्रवार ठरलेला असतो: सकाळी केस कापून घेणं, मग भाजी, मग जेवण आणि झोप. नाशिकला गंगापूर रोडवर आमचा फ्लॅट घेऊन झालाय. रिटायर झाल्यावर तिथे जायचं हेही ठरलेलं. लाद्या, कपाटं, ओट्याचा दगड, सगळं त्याने सुट्टीत जाऊन स्वतः निवडलं. माझे सिनेमे चालू असले की तो सोफ्याच्या टोकाला बसून पेपर चाळायचा आणि मधेच विचारायचा, "आज कोणी पडलं का?"

"नाही."

"मग बघतेस काय त्यात?"

मला ते नीट सांगता येत नव्हतं. आता थोडं सांगता येतं. इथे दोन मराठी माणसं भेटली की पहिला प्रश्न, किती वर्षं झाली, आणि दुसरा, परत कधी जाणार. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, क्लिनिकच्या जेवणाच्या खोलीत, कोपऱ्यावरच्या बकाला दुकानात दूध घेताना, सगळीकडे हेच दोन प्रश्न. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, नव्याने होत राहतो आणि आपण पाहुणेच राहतो. त्या सिनेमातली माणसंही बाहेरून आलेली असतात. पण ती एका हिवाळ्यात गावची होऊन जातात. कॉफी देणारी बाई त्यांना नावाने ओळखते. परत कधी, असं त्यांना कोणी विचारत नाही.

मुख्याध्यापिका बाईंचा गुडघा चांगला सुधारला. एका पायावर उभं राहून चेंडू झेलण्यापर्यंत आम्ही आलो. एक दिवस चेंडू माझ्याकडे टाकत ती म्हणाली, "मी फेब्रुवारीत जातेय. तू कधी जाणार?"

"मी? मला स्की येत नाही."

"हबिब्ती, तू माझ्यापेक्षा जास्त सिनेमे बघितलेस. आता बघणं पुरे."

फेब्रुवारीच्या शेवटी इथे राष्ट्रीय सुट्ट्या असतात. कुवेतचा इकामा असला की जॉर्जियाला जाणं सोपं, विमानही थेट. मी नवऱ्याला विचारलं. तो एवढंच म्हणाला, "थंडी फार असेल का?" एगैलाच्या मॉलमध्ये काचेआड बर्फात घालायचे जाड कोट लावलेले होते आणि बाहेर लोक अर्ध्या बाह्यांत फिरत होते. आम्ही दोन कोट घेतले. ट्रायल रूममधून तो बाहेर आला तेव्हा चेहरा घामाने डबडबला होता.

जॉर्जियातलं ते गाव सिनेमातल्यासारखं नव्हतं. अर्धवट बांधलेली हॉटेलं, उंच क्रेन, हमरस्त्यावर ट्रकांची रांग, डिझेलचा वास. पण मागे डोंगर होता, आणि तो सिनेमातल्यापेक्षा मोठा होता. एका घरातल्या वरच्या खोलीत आम्ही उतरलो. घरमालकीण जाडजूड, मोठ्या आवाजात बोलणारी. तिला इंग्रजीचे थोडे शब्द यायचे, तेवढ्यावर ती आम्हाला सतत खाऊ घालायची.

पहिल्या दिवशी आम्ही दोघंही शिकणाऱ्यांच्या उतारावर गेलो. बूट असे घट्ट की पाय प्लास्टरमध्ये घातल्यासारखा वाटला. शिकवणारा पोरगेला माणूस म्हणाला, "गुडघे वाकवा." मी वाकवले आणि तिथेच थिजले. खाली लहान लहान मुलं सरसर जात होती. उतार आमच्या क्लिनिकच्या रॅम्पपेक्षा थोडाच जास्त असेल. पण बूट घट्ट धरलेला असताना मांडी फिरली तर आत काय तुटतं, हे मला माहीत होतं, आणि त्यापलीकडे दुसरं काही मला सुचेना. मी बराच वेळ तशी उभी राहिले. मग खाली बसून स्की काढल्या आणि हातात घेऊन चालत उतरले.

नवरा पडला. उठला. परत पडला, तेव्हा हसत होता. इतका मोठ्याने हसताना मी त्याला बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो एकटा खालपर्यंत यायला लागला, ताठ, दोन्ही हात पसरून, पण न पडता. मी लाकडी बाकावर बसून बघत होते. इतके महिने मी ज्यासाठी जीव टाकला ते समोर चाललं होतं, आणि त्यात माझा नवरा होता. मी उठून फेऱ्या मारायला लागले. बाकावर बसवेना, खोलीत जाववेना.

तिसऱ्या दिवशी आम्ही केबल कारने वरपर्यंत गेलो, नुसतं बघायला. डब्यात दोघंच. अर्ध्या वाटेत वारा वाढला आणि डबा थांबला. खाली दरीसारखा पांढरा खड्डा, वर काही दिसत नाही, आणि डबा हळूहळू झुलतोय. मी दाराची दांडी धरली.

"थांबवतात असं. वारा कमी झाला की सोडतील," तो म्हणाला.

मग, उद्या काय भाजी आणू विचारावं तशा आवाजात तो बोलला, "मला नाशिकला जायचं नाहीये."

"म्हणजे? उन्हाळ्यात?"

"नाही. कायमचं. त्या फ्लॅटमध्ये जाऊन राहायचं नाहीये."

"लाद्या तूच निवडल्यास."

"निवडल्या. काहीतरी निवडायला हवं होतं. सगळे निवडत होते." कोटाची चेन खालीवर करत तो म्हणाला, "मागच्या वेळी तिथे गॅलरीत उभा होतो. समोरचे एक काका दिसले. त्यांच्या गॅलरीत. मस्कतहून परत आलेत. रोज तिथेच उभे असतात म्हणे. मला वाटलं, झालं, आता मी इथे आणि ते तिथे."

"मग कुठे जायचंय तुला?"

"माहीत नाही."

"कधीपासून वाटतंय हे?"

"बरंच आधीपासून. तुझे ते सिनेमे लागले की मी पेपर वाचत नव्हतो. बघतच होतो."

कोणालाही वाटेल की हे ऐकून मला आनंद झाला असेल. मला राग आला. असा राग की वारा, डबा, दरी सगळं विसरले. "हे तू आत्ता सांगतोयस?" एवढंच म्हणू शकले. डबा हलला, आम्ही वर गेलो, वरून काही दिसलं नाही, त्याच डब्याने खाली आलो. घरमालकिणीने सूप वाढलं. त्याने प्यायलं. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, तर तिने मला हाताला धरून आणून बसवलं. आमच्यात काहीतरी बिनसलंय हे तिला भाषेशिवाय कळलं असावं.

राग कशाचा ते मला परतीच्या विमानात उमगलं. इतकी वर्षं मी हवी तेवढी अस्वस्थ राहू शकत होते, कारण घरात एक माणूस स्वस्थ होता. मी कुठल्याही गावचे कॅमेरे बघावेत, कुठेही मनाने राहून यावं, नाशिक त्याने धरून ठेवलेलं होतं. त्याने हात सोडल्यावर मला पहिल्यांदा खरंच भीती वाटली. शेजारी तो खिडकीतून खाली बघत होता. मी त्याला हे सांगितलं. जसं सुचलं तसं, तुटक तुटक. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "स्वस्थ नव्हतो गं. गप्प होतो."

कामावर परतले तर मुख्याध्यापिका बाई चॉकलेटचा डबा घेऊन आलेली. ती डोंगर उतरून आली होती. मी विचारलं, भीती वाटली का?

"पहिल्यांदा उतरताना खूप वाटली. खाली पोचले आणि लगेच परत वर गेले. थांबले असते तर परत गेलेच नसते." मग माझ्याकडे बघून, "आणि तू?"

"मी स्की काढून चालत उतरले."

"तेही चालतं," ती म्हणाली, आणि यात तिने मला समजावल्यासारखं काही केलं नाही, म्हणून मला बरं वाटलं.

मुलीला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं की नाशिकचं रद्द. ती चक्क मराठीत म्हणाली, "मग मी घरी यायचं म्हणजे कुठे यायचं?" फ्लॅट एका तरुण डॉक्टर जोडप्याला भाड्याने दिला. ओट्याचा दगड त्यांना आवडला म्हणे. नणंदेने फोनवर माझ्यावरच ठपका ठेवला, हिच्या डोक्यात काहीतरी शिरलंय. नवऱ्याने फोन हातात घेऊन तिला सांगितलं, "शिरलंय ते माझ्या डोक्यात."

जुलैच्या सुट्टीत आम्ही त्याच गावी परत गेलो. बर्फाशिवाय ते कसं दिसतं ते त्याला बघायचं होतं. ज्या उतारावरून मी चालत आले होते तिथे गाई चरत होत्या. हॉटेलांना कुलपं होती, पावसाने रस्ता चिखलाचा झाला होता, वीज जायची. नवऱ्याने घरमालकिणीच्या नवऱ्याबरोबर तळघरातला बिघडलेला बॉयलर उघडला आणि दोन दिवस वर आलाच नाही. त्याला करमत होतं. मी मात्र थोड्याच दिवसांत समुद्राकडे जाणाऱ्या बसची चौकशी करायला लागले.

"तुला इथेही करमत नाही," तो हात पुसत म्हणाला. त्यात तक्रार नव्हती.

"नाही."

"मला अजून राहायचंय."

"रहा की. मी जाऊन येते."

लग्नानंतर मी पहिल्यांदाच एकटी प्रवासाला निघाले. बस घाटातून खाली उतरत होती, माझ्या शेजारी टोमॅटोच्या पेट्या घेऊन बसलेली एक म्हातारी होती, आणि ती माझ्याशी तिच्या भाषेत बोलत होती, मी मराठीत उत्तरं देत होते. समुद्राकाठी मी काही दिवस राहिले. तिथेही पूर्ण लागला नाही जीव. पण परत फिरायची घाईही वाटली नाही.

त्याच्या रिटायरमेंटला आता फार दिवस उरले नाहीत. एवढंच ठरलंय की पहिलं वर्षभर कुठलंच घर पक्कं करायचं नाही. हिवाळ्यात तो डोंगरात जाईल, शिकणाऱ्यांच्या उतारावरून वरच्या उतारावर जायचं त्याच्या मनात आहे. मी थोडे दिवस त्याच्याबरोबर, थोडे मुलीकडे, आणि थोडे कुठे ते अजून मला ठरवायचं आहे.