वर्दीला दार उघडायचं नाही

मी इथे आखातात, जनाबियात एका नव्वदीच्या ज्यू बाईंना सांभाळते. कामाला लागले त्या पहिल्या शनिवारी घरात गॅस पेटला नाही, तेव्हा मला नवल वाटलं नाही. आमच्या अलिबागकडे शनवार तेली, म्हणजे तिथले ज्यू, शनिवार असाच पाळायचे.

बाईंचं लहानपण बगदादचं. तिथे ज्यूंची घरं लुटायला जमाव निघाला, तेव्हा त्यांच्या वडिलांनी दाराला आतून कपाट लावलं. दार टिकलं. मग पोलीस आला. "उघडा, सरकारचा माणूस आहे, वाचवायला आलोय." वडिलांनी कपाट सरकवलं. पोलिसामागून जमाव आत शिरला. वडील उंबऱ्यातच गेले. घरातला गालिचा त्या पोलिसानेच खांद्यावर टाकून नेला. तेव्हापासून बाईंचा नियम आहे, वर्दीला दार उघडायचं नाही.

काल दुपारी त्यांना श्वास घेता येईना. त्यांचा मुलगा ऑफिसात, फोन उचलत नव्हता. मी ॲम्ब्युलन्स बोलावली. दार किलकिलं केलं तर बाहेर दोघे, अंगात वर्दी, खांद्याला पट्ट्या.

दाराजवळच्या खुर्चीतून बाईंनी माझा दंड धरला. ओठ निळे पडलेले, तरी म्हणाल्या, "मफी! नाही! आत नाही घ्यायचं."

"मॅडम, डॉक्टरची माणसं आहेत."

"तोही वाचवायलाच आला होता."

बाहेरून एकजण ओरडला, "दीदी, यल्ला, लवकर! काय चाललंय?"

परक्या पुरुषाशी मी मान वर करून बोलत नाही. काल बोलले. "भाऊ, तुमचे शर्ट काढा."

दोघे एकमेकांकडे बघायला लागले. धाकटा म्हणाला, "दीदी, पेशंट कोण आहे, ती की आम्ही?"

"पोलिसांनी तिचा बाप मारवला. वर्दी बघून ती मरेल."

मोठ्याने हातातली पेटी खाली ठेवली. त्याने बटणं सोडली. धाकट्याच्या बनियनला भोक होतं, तो लाजला. बाईंनी दोघांचे उघडे खांदे बराच वेळ निरखले. मग माझा दंड सोडला.

आता त्या दवाखान्यात आहेत, श्वास चालतोय. पण वॉर्डाच्या दाराशी गार्ड उभा असतो, कडक वर्दीतला. बाई डोळे मिटत नाहीत. त्याला शर्ट काढ कसं सांगू? मी स्टूल ओढून दोघांच्या मध्ये बसलेय, बाईंना तो दिसू नये म्हणून. तो जागेवरून हलला की मीही हलते.