चौथ्या सरीतली खुंटी

आष्ट्याकडच्या आमच्या शिवारात ऊस पिकवणे कठीण नाही. तो बाहेर काढणे कठीण आहे. शेतांकडे जाणारी आमची पाणंद इतकी आखडली होती, की तिच्या टोकाला असलेला माझ्या विधवा भावजयीचा ऊस फेब्रुवारी सरत आला तरी उभाच होता. तोडणीची टोळी वाट पाहून परत गेली. जाताना टोळीचा मुकादम तिला म्हणाला, “काकी, हितनं बैलगाडी जायची न्हाई, ट्रॅक्टर कुठला?” कारखाना मार्चमध्ये बंद होणार होता. त्यानंतर त्या उसाला कोणी विचारले नसते.

ग्रामसभेत सर्वांचे एकमत झाले, की सरकार शेतीसाठी काही करत नाही. मीही तेच बोललो. सैन्यातून परतल्यापासून मी हे वाक्य अनेकदा उच्चारले होते. तपासले कधीच नव्हते. ग्रामसेवकाने ऐकून घेतले आणि सांगितले, की पंचायत समिती खडी-मुरूम देईल. मात्र गावनकाशातली साडेसोळा फूट रुंदी आधी मोकळी हवी.

मोजणी झाली. पहिली खुंटी माझ्या उसाच्या चौथ्या सरीत ठोकली गेली.

पाणंद कोणी एका दिवसात बळकावत नाही. दरवर्षी नांगर बांधाकडे वीतभर सरकवायचा, एवढेच. वडिलांनी सरकवला, मीही सरकवला. त्याला आम्ही अतिक्रमण म्हणत नव्हतो. नीट नांगरट म्हणत होतो.

शेजारचा शेतकरी हसला. “आवं आबा, सभेत लय बोलत हुता. आता सांगा, रस्ता सरकारनं खाल्ला का तुमी?”

“तुझी खुंटी कुठं येतीया ती बघ आधी.”

ती त्याच्या गोठ्यात आली. त्याचे हसू गेले. “म्हंजी सरकारला जमीन फुकट द्यायची व्हय?”

“सरकारला न्हाई रं. पाणंदीची पाणंदीला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विळा घेऊन चार सऱ्या तोडायला लागलो. भावजय धावत आली. “भावजी, ऊस कवळा हाय. थोडं थांबला असता.”

“तुमचा थांबत न्हाई,” मी म्हणालो.

तीन दिवस लोकांनी नुसते पाहिले. चौथ्या दिवशी शेजाऱ्याने गोठ्याची भिंत उतरवली. मग बाकीचे बांध सरकले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात टोळी पुन्हा आली आणि भावजयीच्या उसाने भरलेला ट्रॅक्टर पाणंदीतून बाहेर पडला.

मुरूम अजून आलेला नाही. फाईल तालुक्याला आहे, असे सांगतात. पूर्वी मी पारावर बसून शिव्या दिल्या असत्या. आता मोजणीचा नकाशा घेऊन दर सोमवारी पंचायत समितीत जातो. आमचा भाग आम्ही पुरा केला आहे. त्यांचा मागताना माझा आवाज चढत नाही आणि खालीही येत नाही. आमची माती काळी आहे, पावसात चाक रुतते. पावसाळ्यापूर्वी मुरूम पडला नाही, तर पुढच्या हंगामात भावजयीच्या उसापर्यंत चाक पोहोचणार नाही. या सोमवारीही मी जाणार आहे.