जोगव्याचं पाचवं दार

त्या वर्षी देवीशी माझं बोलणं बंद होतं. घरात देवीची परडी होती, कवड्यांची माळ होती, आई दर मंगळवारी तुळजाभवानीच्या नावानं पाच घरचा जोगवा मागून आणायची, आणि मी मनात म्हणायचो, मागून मिळत असतं तर आपण असे कशाला राहिलो असतो. मोगलाईचे, म्हणजे निजामाच्या राज्याचे, शेवटचे दिवस होते. दंग्याधोप्यामुळं हैदराबादचं माझं कॉलेज बंद पडलं आणि अर्धवट शिक्षण घेऊन मी कळंबला परतलो. वडील नव्हते. आई लोकांची दळणं दळून घर चालवायची, आणि त्या पावसाळ्यापासून तिच्या खोकल्यातून रक्त पडायला लागलं होतं. तिचा हात जात्यावरून सुटायचा तर मला काम लागायला हवं होतं. दुसरा मार्ग नव्हता.

मी हिशेब शिकलो होतो, पण सगळा उर्दूत. उर्दू चालायची ती सरकारी कचेरीत, आणि तिथं वशिला लागायचा. कारकून मान वर न करता म्हणायचा, "बाद में आव." बाजारात वशिला लागत नव्हता, पण तिथल्या वह्या मोडीत, आणि मोडीचं एक अक्षर मला येत नव्हतं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. त्यात आमच्या बाजाराची रीत अशी, की नवा माणूस गादीवर घ्यायचा तो दिवाळी पाडव्याला, नवी वही उघडताना. पाडवा हुकला की वर्ष गेलं. आईकडं वर्ष नव्हतं, हे मला दिसत होतं.

धान्याच्या आडतीचं एक मोठं दुकान होतं. मालक लिंगायत वाणी, सगळे त्यांना आप्पा म्हणत. दसऱ्यापासून मी त्यांच्या उंबऱ्याशी कितीदा तरी जाऊन आलो. "मोडी येत न्हाय तर तुला ठिवून करू काय? पुढं जा," एवढंच ते म्हणायचे. ते 'पुढं जा' माझ्या कानात बसलं होतं.

पाडव्याच्या सकाळी आई तापानं अंथरुणातच होती. मंगळवारचा जोगवा तिच्याकडून राहिला होता आणि तेच तिला खात होतं.

"आज तरी चुकू दिऊ नको," ती म्हणाली. "पाच घरं मागून ये."

"आई, आज पाडवा हाय. मला दुकानं फिरायचीत."

"फिर की. परडी घिऊन फिर."

"परडी घिऊन काम मागू? कोण ठिवील मला?"

"मागायचं आपन. द्यायचं तिच्या हातात," ती म्हणाली आणि खोकत राहिली.

तो खोकला ऐकवेना म्हणून मी परडी उचलली. भक्ती वगैरे काही नव्हती.

गावात निम्म्या घरांना कुलपं होती. रझाकारांच्या भीतीनं लोक निजामाच्या हद्दीबाहेर, बार्शीला निघून गेले होते. उपरणं डोळ्यांपर्यंत ओढून मी फिरलो. चार घरी जोगवा मिळाला. बायांनी मूठमूठ पीठ घातलं, परडीला हात जोडले, माझ्याकडं कुणी पाहिलंही नाही. पाचवं घर मात्र सापडेना. ज्या गल्लीत शिरावं तिथं कुलूप. चार घरांचा जोगवा घेऊन आईसमोर जायचा धीर मला नव्हता. हिंडत हिंडत बाजारात आलो, तर एकच दुकान उघडं होतं. आप्पांचं.

मी उंबऱ्याशी उभा राहिलो. "आई राजा उदो उदो" म्हणायला तोंड उघडलं आणि शब्दांआधी रडू आलं.

आत नव्या वहीची पूजा मांडली होती आणि आप्पा एकटेच बसले होते. त्यांनी माझा चेहरा ओळखला. नेहमीचा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसला. मग त्यांची नजर परडीवर गेली आणि तो शब्द तिथंच थांबला. आमच्याकडं जोगव्याला कुणी 'पुढं जा' म्हणत नाही. म्हटलं तर आलेली देवी परत धाडली असं होतं. त्यांनी उठून ओंजळभर ज्वारी परडीत घातली आणि तसेच उभे राहिले.

"मोडी आली का?"

"न्हाय."

"शिकशील?"

"शिकीन, आप्पा."

"आमचा मुनीम बार्शीला गेला लेकरंबाळं घिऊन. आता येत न्हाय. परडी पूजेपाशी ठिव आन् बस."

घरी आलो तेव्हा आईनं एवढंच विचारलं, "पाच झाली?" मी व्हय म्हणालो, आणि पाचवं दार कुणाचं ते सांगितलं. ती परडीतल्या पिठावर हात ठेवून पडून राहिली. त्यानंतर तिनं जात्याला हात लावला नाही. पण तिला विसावा मिळाला तो मार्गशीर्षापर्यंतच. मग ती गेली.

मुनीम गेला म्हणून जागा झाली, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. इतक्या उशिरा का, म्हणून मी देवीशी पुष्कळ भांडलो. पण माझ्या आईचे शेवटचे दिवस जात्याविना गेले, आणि ते कुणी दिले हे मला ठाऊक आहे.

आप्पांच्या शिव्या खात मोडी शिकलो. त्याच गादीवर केस पिकले. पोरं काम मागायला येतात, बहुतेकांना द्यायला काम नसतं, पण 'पुढं जा' माझ्या तोंडून निघत नाही. बस म्हणतो, पाणी देतो. मंगळवारी दुकान उघडण्याआधी मी आईची परडी घेऊन निघतो. चार दारं मिळतील ती. पाचवं आमच्याच दुकानाचं. त्या बंद दारापुढं उभा राहून मी मागतो. काय हवं, ते मात्र आता देवीला सांगत नाही.