घोडाडॉक्टरांचा साक्षीदार

घोडाडॉक्टर आजारी जनावराच्या मालकाचं काही ऐकून घेत नसत. मालक तोंड उघडायला लागला की ते हात वर करायचे आणि विचारायचे, "या जनावराचा सगळ्यात जास्त राग कोणाला येतो? त्याला बोलवा."

मग कोणाची तरी सासू यायची, कोणाचा भाडेकरू यायचा, कोणाच्या घरी भांडी घासणारी बाई पदर खोचत यायची. डॉक्टर त्यांना खुर्ची द्यायचे, आणि मालक उभा. "मालक खोटं बोलतो, लाडापोटी," असं त्यांचं म्हणणं. "शेजारी खरं बोलतो, रागापोटी. मला खऱ्याशी मतलब, ते कुठल्या पोटातून का येईना." एकदा एका पारशीणबाईंनी आपली मांजरी उंदराशिवाय कशाला तोंड लावत नाही असं शपथेवर सांगितलं. त्यांच्या स्वयंपाक्यानं आत येऊन रोजचा पावशेर सायीचा हिशेब मांडला तेव्हा मांजरीचं दुखणं दोन मिनिटांत कळलं. बाई पुढे आठ दिवस स्वयंपाक्याशी बोलत नव्हत्या म्हणे.

त्यांचा दवाखाना ठाकूरद्वारच्या मागच्या अंगाला, एका जुन्या तबेल्यात होता. व्हिक्टोरिया घोडागाड्यांचे घोडे तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, म्हणून ते घोडाडॉक्टर. पुढे गाड्या कमी झाल्या आणि कुत्रीमांजरं वाढली, पण नाव बदललं नाही. त्यांना ते आवडतही असावं. उंच, किडकिडीत माणूस. अंगात खाकी कोट, कोटाला फिनेलचा वास, आणि खिशात सुक्या जवळ्याची पुडी. ती पुडी श्रावणासाठी असायची.

श्रावणाचं प्रकरण असं होतं. आमच्या गिरगावात एरवी घरोघर मासळी शिजायची. श्रावण लागला की सगळं एकदम बंद. माणसं महिनाभर वरणभात आणि अळूवर राहून पुण्य जोडायची. मांजरं मात्र तिसऱ्या दिवसापासून तोंड फिरवून बसायची. मग "डॉक्टर, काही खातच नाही हो, भिंतीकडे बघत बसते," म्हणत लोक पिशवीतून मांजरं घेऊन रांग लावायचे. डॉक्टर डोळे, जीभ, पोट नीट बघायचे आणि म्हणायचे, "हिला काही झालेलं नाही. श्रावण तुमचा आहे, हिचा नाही." चिमूटभर जवळा समोर धरला की मांजर पिशवीतून उडी मारून बाहेर. सोवळ्याच्या घरांना ते सांगायचे, रोज सकाळी तिला इकडे आणून सोडा. त्या महिन्यात तबेल्याच्या दारात वीसवीस मांजरं जेवायला बसलेली मी पाहिली आहेत.

त्यांचा सल्ला सरळ असायचा. खरजेवर रॉकेल चोळून आणलेला कुत्रा पाहिला की त्यांचा तोल जायचा. "रॉकेल दिव्यात घालतात. कुत्र्याला पेटवायचाय का?" पिसवांसाठी फिनेलनं मांजर धुणाऱ्या एका हेडमास्तरांना त्यांनी विचारलं होतं, "मास्तर, ती अंग चाटते. तुम्ही प्याल का चमचाभर?" शिजलेलं मटणाचं हाड देऊ नका, ते आत जाऊन सुईसारखं फुटतं. पेढा देऊ नका, प्रसादाचा असला तरी. हे ऐकून लोक मान हलवायचे आणि घरी जाऊन पेढा द्यायचे.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो आमच्या टायगरमुळे. मी तेव्हा दादरच्या एका शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. वडील जाऊन दोन वर्षं झालेली. घरात मी, आई आणि वडिलांनी कुठूनसा उचलून आणलेला हा तांबडा गावठी कुत्रा. फटाका वाजला की पलंगाखाली शिरणारा, झुरळाला वाट देणारा, आणि नाव टायगर. मी सकाळी बाहेर पडले की संध्याकाळपर्यंत आई त्याच्याशीच बोलायची. वडिलांशी बोलायची तसंच, भाजी काय करू इथपासून. तो नसता तर त्या दोन वर्षांत आईचं काय झालं असतं, याचा विचार मी तेव्हाही टाळत होते.

टायगरचे शत्रू म्हणजे खालच्या मजल्यावरचे तळपदेकाका. एका मोठ्या कचेरीत हेडक्लार्क, एकटा जीव, धोतराची निरी सुरीसारखी. जिन्यात टायगरचा केस दिसला तरी आम्हाला लेखी कळवत. एकदा टायगरचं पोट बिघडलं. आईनं डॉक्टरांना सांगितलं, "त्यानं वावगं काही खाल्लेलं नाही." डॉक्टरांनी अर्थात तळपदेकाकांना बोलावणं पाठवलं. काका इतक्या आनंदानं कधी कुठे गेले नसतील. "एकादशी करायला लावतात त्याला!" ते गरजले. "दोन्ही वेळा साबुदाण्याची खिचडी! वर रताळं!" आई खाली बघायला लागली. "यजमानांच्या बरोबर खायचा तो," ती पुटपुटली. डॉक्टर तिला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "बाई, त्याच्या वाटची एकादशी तुम्हीच करा. त्याला पुण्य पोचेल."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. आज सभा, उद्या मोर्चा, परवा हरताळ. आमच्या गल्लीला अश्रुधूर इतका सवयीचा झाला होता की बायका ओला पंचा दाराशीच ठेवायच्या. डॉक्टरही सभांना जायचे, पण मागे उभे राहायचे आणि टाळ्या वाजवायचे नाहीत. घोडे बिचकतात म्हणून हात आवरायची सवय लागली होती, घोडा नसला तरी. एकदा धूर सुटला तेव्हा ते रस्त्यात एका व्हिक्टोरियाच्या घोड्याचे डोळे धूत होते. ते झालं, आणि त्यांनी पलीकडच्या पोलिसाच्या घोड्याकडे बादली नेली. लोक खवळले. "डॉक्टर, त्याला कशाला? तो त्यांचा!" डॉक्टर घोड्याची पापणी वर करत म्हणाले, "मला तो काही बोलला नाही. तुम्हाला सांगितलंय का त्यानं, कुठलं राज्य हवंय?" गर्दीत कोणीतरी हसलं. मग ओरडणाऱ्यांपैकीच एकानं दुसरी बादली आणून दिली.

अशाच एका धुराच्या संध्याकाळी तो प्रकार घडला. तळपदेकाका मोर्चातून धावत आले, डोळ्यांतून धारा, समोरचं दिसत नव्हतं. टायगर घाबरून जिन्याखाली बसला होता. काकांचा पाय पडला तो नेमका त्याच्या पंजावर, आणि आयुष्यात पहिल्यांदा टायगर नावाला जागला. त्यानं काकांची पोटरी फोडली.

मी खाली पोचले तेव्हा शेजारणींनी जखमेत मिरचीपूड भरली होती. त्या काळी कुत्रा चावल्यावर हाच उपाय. डोळ्यांत अश्रुधूर आणि पायात मिरची, काकांची कोणालाही दया यावी. पण त्यांनी एकच धोशा लावला होता. "म्युनिसिपालिटीची गाडी बोलवा! कुत्रा पिसाळलाय!" बिऱ्हाडकरूंनी माना डोलावल्या. गाडी आली की कुत्रा परत येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. आई जिन्यावर टायगरला पोटाशी धरून बसली. "आधी मला न्या," एवढंच ती म्हणत होती. तिचं काय होईल याची मला भीती वाटली. मी तशीच डॉक्टरांकडे पळाले.

डॉक्टर आले आणि आधी मिरची बघून भडकले. "हे काय, कालवण करताय माणसाचं?" नळाखाली काकांचा पाय धरून त्यांनी साबणानं चांगली पंधरा मिनिटं जखम धुतली. आईला टायगरपासून लांब व्हायला लावलं. मग म्हणाले, "तळपदे, उद्या सकाळी इस्पितळात जा. पोटात सुया घेतात, त्या सुरू करा, चालढकल नको. आणि हा कुत्रा दहा दिवस बांधून ठेवायचा. पिसाळलेला असेल तर दहा दिवसांत लक्षणं दिसतील आणि मरेल. धडधाकट राहिला तर तुम्हाला धोका नाही, सुयाही थांबतील. आज गाडीत घालून दिलात तर कोणालाच काही कळणार नाही."

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे माझा जीव याच्या जिवावर?"

"असं समजा. आता याच्यावर लक्ष कोण ठेवणार? या कुत्र्याचा सगळ्यात जास्त राग कोणाला?"

सगळ्यांनी काकांकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून तळपदेकाका रोज सकाळ-संध्याकाळ लंगडत आमच्या मागच्या गॅलरीत यायचे. पोटात सुई टोचून घेतलेली, तोंड वाकडं, हातात फुलस्केप कागद. चार हात लांब स्टुलावर बसून ते अहवाल लिहायचे. तो कागद माझ्याकडे अजून आहे. "पहिला दिवस. पाणी प्यायला. मला पाहून भुंकला. आवाज नेहमीप्रमाणे उद्धट." "तिसरा दिवस. शेपूट हलवली. कारण समजले नाही." "पाचवा दिवस. मला पाहून भुंकला नाही. हे चिंताजनक मानावे काय?"

सहाव्या दिवशी सकाळी टायगरनं खाणं सोडलं. पेजेला तोंड लावेना, कोपऱ्यात मान टाकून पडला. आई देवापुढे जाऊन बसली. काका कागदाकडे बघत राहिले, लिहीनात. मग मला म्हणाले, "तू थांब घरात." आणि आदल्या रात्री लागलेली संचारबंदी उठायला अजून अर्धा तास असताना तो नियमाचा माणूस चप्पल न घालता डॉक्टरांना आणायला गेला.

डॉक्टरांनी जाड हातमोजे चढवले, टायगरच्या तोंडाला पट्टी बांधली, पोट दाबून पाहिलं. मग काकांकडे वळले. "काल काय खाल्लं यानं?"

"नेहमीचंच. पेज," काका म्हणाले.

"आणखी?"

"काही नाही."

"खोटं!" आई आतून ओरडली. माझी आई कोणावर ओरडल्याचं मला आठवत नाही. "मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलंय! कोळंबीचं भानोलं घातलंत त्याला! छत्रीच्या टोकानं ताटली पुढे सरकवलीत! परवाही, कालही!"

भानोलं म्हणजे आमच्या लोकांचा जीव की प्राण. कोबी, कोळंबी, नारळाचं दूध, वर तेल सुटलेलं. काका लालबुंद झाले. "नुसत्या पेजेवर ठेवलाय त्याला," ते चाचरत म्हणाले. "हाडं दिसायला लागली होती. आणि तो... बघतो हो, खाताना माझ्याकडे."

घोडाडॉक्टर इतके हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. "अपचन आहे. आज लंघन, उद्या ताकभात," ते डोळे पुसत म्हणाले. "आणि तळपदे, तुम्हाला साक्षीवरून काढलंय. लाडापोटी खोटं बोललात, तुम्ही मालक झालात. पुढचे चार दिवस बाई अहवाल देतील. त्यांचा सध्या तुमच्यावर राग आहे."

दहाव्या दिवशी टायगर शेपूट हलवत, पाणी पीत, धडधाकट उभा होता. डॉक्टरांनी काकांना सांगितलं, हे इस्पितळात कळवा, सुया बंद होतील. आईनं शिरा केला. काकांनी स्वतः टायगरची साखळी सोडली आणि तो त्यांच्याच धोतरावर उड्या मारायला लागला. निरीचा पार बोऱ्या वाजला. काका नाक शिंकरायला जिन्यात गेले.

शिरा खाताना आईनं सहज विचारलं, "डॉक्टर, तुम्ही कसं काही पाळलं नाहीत?"

"पाळली होती एक कुत्री," ते म्हणाले. "महिनाभर खंगत होती. लोक सांगायचे, मी म्हणायचो, उन्हाळ्यानं झालंय. जगाची जनावरं तपासत होतो मी तेव्हा." त्यांनी बशी खाली ठेवली आणि वेलदोड्याची तारीफ केली.

राज्य झालं. गिरगावात घरोघर कंदील लागले. त्यानंतर वर्षभरात तबेल्याच्या जागी इमारत उठायची ठरली आणि डॉक्टर मुलाकडे नाशिकला निघून गेले. जाताना प्रत्येक पेशंटच्या घरी जाऊन त्याच्या पाठीवर हात फिरवून आले. माणसांचा निरोप जेमतेम घेतला. टायगर आता दिवसा काकांच्या खोलीत आणि रात्री आमच्याकडे राहायचा. संध्याकाळी काका आणि आई त्याला चौपाटीवर नेत, आणि त्याला काय घालावं यावर जाता-येता भांडत. आईला बोलायला माणूस मिळालं होतं.

टायगर म्हातारा होऊन गेला, झोपेत. काकांनी हाय खाल्ली. आदल्या आठवड्यात त्याला खोकला होता, आपण डॉक्टर का गाठला नाही, त्या दिवशी पाऊस होता, आपण बाहेर का नेलं, हेच दिवसरात्र. कचेरीत जाईनात, जेवेनात. शेवटी मी नाशिकला पत्र टाकलं.

उत्तर आलं ते एक कार्ड, वाकड्या, म्हाताऱ्या अक्षरात. "त्याचं वय झालं होतं. तुमची कोणाचीही चूक नाही. हे तळपद्यांना दोनदा वाचून दाखवावे."

मी काकांच्या खोलीत जाऊन दोनदा वाचून दाखवलं. ते भिंतीकडे बघत ऐकत होते. मग म्हणाले, "आणखी एकदा वाच."