व्रतात कॉफीचं नाव नव्हतं

रोहण्यात आमच्या घरी पाहुणा आला तर त्याला चहा मिळत नसे. गूळ आणि पाणी मिळे, उन्हाळ्यात ताक मिळे, आणि चहा का नाही याचं कारण बाबांच्या तोंडून ऐकायला मिळे. ते कारण लांबलचक असायचं. गावातली माणसं आमच्या दारावरून जाताना एकमेकांना सांगायची, "तिकडे नको जाऊ बाप्पा, तिथं चहा नाई, भाषण भेटते."

बाबा तरुण असताना खादीवाले एक कार्यकर्ते गावात येऊन बोलून गेले होते. चहा आपला नव्हे, तो गोऱ्यांच्या कंपन्यांनी आपल्याला लावला, असं त्यांनी सांगितलं. ते ऐकून बाबांना स्वतःच्या वडिलांकडून ऐकलेली गोष्ट आठवली. आर्वीच्या बाजारात म्हणे एक गाडी यायची आणि चहा फुकट वाटायची. लोक तोंड वाकडं करत, पण फुकटचा आहे म्हणून पीत. मग एके बाजाराला गाडी आलीच नाही, आणि दुकानांत पुड्या आल्या. तोवर लोकांचं डोकं चहावाचून दुखायला लागलं होतं. कार्यकर्ते गेले त्याच दिवशी बाबांनी चहा सोडला. नुसता आपल्यापुरता नाही. या घराच्या चुलीवर चहा उकळणार नाही, असं ते चाळीस माणसांदेखत बोलून बसले. आई चहा पिणारी होती. तिला कोणी विचारलं नाही.

मी आज धंदेवाईक माणूस आहे, म्हणून त्या गाडीवाल्याला मानतो. कोणावर हात न उचलता त्यानं गावंच्या गावं फिरवली. आधी लोकांची सकाळ शिळ्या भाकरीवर आणि ताकावर सुरू व्हायची. नंतर मजूर चहाशिवाय निंदणाला हात लावेना. सोयरीक चहावर ठरू लागली, भांडण चहावर मिटू लागलं, मयतीच्या घरी शेजारचा चहा जाऊ लागला. साहेबाला टेबलाखालून द्यायच्या पैशालाही चहापाणी म्हणू लागले. ज्याच्या घरचा चहा आपण घेतो तो आपला, आणि ज्याच्या घरचा घेत नाही तो परका, एवढा सोपा हिशेब गावात होऊन बसला. त्या हिशेबानं आम्ही सगळ्यांनाच परके होतो.

दादा माझ्याहून मोठा. तो शिकला, शाळेत मास्तर झाला, वर्ध्याला लागून सिंदी मेघ्यात घर बांधलं आणि बाबांचं व्रत त्या घरालाही लावलं. बाबांचं चहावरचं भाषण त्यानं जसंच्या तसं पाठ केलं होतं आणि शाळेतल्या कार्यक्रमांत तो ते वापरायचा. मी शिकलो नाही. माझं डोकं लवकर तापतं. एका मास्तरांशी वाजलं, बाबा मास्तरांच्या बाजूनं उभे राहिले, आणि मी घर सोडून जामला गेलो. हायवेचा चौक, दिवसरात्र गाड्या. तिथे जे चालतं तेच मी लावलं. चहाची टपरी.

त्या टपरीवर मी माणसं शिकलो. कोळशाच्या ट्रकवाल्याला दाट आणि गोड लागतो. हैदराबादकडून आलेला आधी कॉफी मागतो, नाही म्हटलं की तोंड पाडून चहा घेतो. बसचा ड्रायव्हर आणि कंडक्टर फुकट पितात, कारण बस आपल्या दारात थांबवणं त्यांच्या हातात असतं. त्यांना दिलेला कप हा खर्च नसतो, हे मला कोणी शिकवलं नाही. पुढे मी पत्तीच्या धंद्यात शिरलो. नागपूरच्या ठोक व्यापाऱ्यांशी भावावरून इतका भांडायचो की एकानं मला दुकानाबाहेर काढलं होतं. दुसऱ्या खेपेला त्यानंच खुर्ची दिली. बारीक पत्ती रंगाला, दाणेदार चवीला, किती मिसळायची ते माझं मला माहीत. माझी पत्ती खुली जाते, पुडीवर नाव नसतं, पण हिंगणघाट, वर्धा, समुद्रपूर, सगळीकडे दुकानदार तिला जामवाली म्हणतात.

बाबांनी तिची चव कधीतरी घ्यावी, एवढंच मला हवं होतं. त्यांच्याकडून दुसरं काही मागायचं मी कधीच सोडून दिलं होतं.

एकदा संधी आली. नात्यातलं लग्न चंद्रपूरला होतं आणि वऱ्हाडाची बस जामला माझ्याच दारात थांबली. सगळे उतरले. मी कोणाला पैशाचं नाव काढू दिलं नाही. काका, माम्या, सोयरे, सगळे माझा चहा पिऊन तारीफ करत होते. बाबा खिडकीशी बसून राहिले. मी काचेचा ग्लास धुऊन घेतला, नवी पत्ती टाकून वेगळा चहा केला आणि खिडकीपाशी जाऊन हात वर केला. "बाबा, घ्या. माह्या हातचा आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग काच सरकवून घेतली. जोरात नाही. ऊन लागतं म्हणून माणूस घेतो तशी. मागून कोणीतरी हसलं. मी तो ग्लास बसच्या चाकावर फोडला आणि ज्यानं हसण्याचा मान मिळवला होता त्या सोयऱ्याला आजवर माझ्या दुकानात पाय ठेवू दिलेला नाही.

हे मी गिळलं असतं. व्रत ते व्रत. पण मग दादाच्या घरी कॉफी आली.

वहिनी नागपूरची. तिच्या माहेरी जायफळ घातलेली, सगळ्या दुधाची कॉफी व्हायची. लग्नानंतर तिनं सिंदी मेघ्याच्या स्वयंपाकघरात कॉफीची बाटली आणून ठेवली. दादानं बाबांना विचारलं. बाबांनी विचार करून सांगितलं की आपण सोडला तो चहा, व्रतात कॉफीचं नाव नव्हतं. झालं. तेव्हापासून त्या घरी हेडमास्तर आले की कॉफी, शिक्षणखात्यातले साहेब आले की कॉफी, वरून मुलांच्या हातावर चांदीच्या कागदातलं चॉकलेट. माझ्या दुकानात सुट्टे नसले की गिऱ्हाइकाला मी चॉकलेट देतो. त्यांच्या घरी ते वाढदिवसाला काचेच्या बशीत फिरायचं. कॉफीही झाडालाच लागते, तीही गोऱ्यांनीच जगभर फिरवली, तिच्याही मळ्यांत गरिबांची हाडं झिजली, आणि चॉकलेटचंही तेच, हे मी दादाला एकदा बोललो. तो हसला. म्हणाला, "तू चहावाला आहे, तुले कॉफीचा राग येणारच."

आणि मला? मला त्या घरी पाणी मिळायचं. दादा म्हणायचा, "तू तर दिवसभर चहातच असतो. तुले आता काय देऊ?" हे तो दर वेळी म्हणायचा, दर वेळी सगळे हसायचे. मी पाणी पिऊन उठायचो.

आई गेल्यावर बाबा रोहणा सोडून दादाकडे राहायला आले. मी अधूनमधून जायचो, दारातच बसायचो, निघायचो. मग बाबा आजारी पडले. एका रविवारी वहिनीचा फोन आला की आता अंथरुणावरून उठत नाहीत, येऊन जा. मी गेलो. ते खूप वाळले होते. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी पाय दाबत होतो. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं, आणि ओठ हलवले. मी कान जवळ नेला.

"चहा दे ना बावा थोडासा."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. माझं ऐकण्यात चुकलेलं नाही. सौद्यात समोरच्याचा हलका बोल पकडण्यावर माझं पोट चालतं.

मी स्वयंपाकघरात गेलो. दादा मधे आला. म्हणाला, बाबांचं चित्त ठिकाणावर नाही, आयुष्यभर सांभाळलेलं शेवटी आपण मोडायचं नाही. वहिनी म्हणाली, कॉफी करते, लगेच होते. मी म्हटलं, त्यांनी कॉफी मागितलेली नाही. मग मी आयुष्यात कधी केली नसेल अशी घासाघीस केली. अर्धा कप द्या. नाही. चुलीवर नको, मी बाहेरून आणतो. नाही. दोन चमचे. नुसते ओठ ओले करू. दादा मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, उद्या डॉक्टरांना विचारू. डॉक्टरांचा यात काय संबंध, हे त्यालाही माहीत होतं. गिऱ्हाईक जेव्हा बायकोला विचारून सांगतो म्हणतं, तेव्हा सौदा मेला असं समजायचं असतं.

माझा आवाज चढला. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, पण त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. वहिनीनं तेवढ्यात कॉफी आणली होती. पहिल्यांदाच माझ्यासाठीही एक कप होता. मी तो ट्रे हातानं उडवला आणि निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जामहून थर्मास भरून आणला. ठरवलं होतं, दादाला ढकलून आत जायचं. अंगणात चपला पाहिल्या आणि कळलं. रात्रीच गेले होते. मला कोणी फोन केला नाही, कारण मी चिडून गेलो होतो म्हणे. थर्मास मी गाडीतच ठेवला.

घाटावरून परतलो. दारात पाय धुतले, कडुनिंबाचा पाला चावला, आत बसलो. मयतीच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारच्यांनी आणायचं असतं आणि ते परत पाठवायचं नसतं. पलीकडच्या घरच्या काकू मोठी किटली घेऊन आल्या, त्यांच्या सुनेनं कागदी कप मांडले, आणि त्या घरात चहा फिरला. हेडमास्तरांनी घेतला, साहेबांनी घेतला. बाबांचा फोटो ज्या पाटावर ठेवला होता त्याच्या शेजारी कप ठेवले गेले. दादानंही घेतला. फुंकर मारून, दोन्ही हातांत धरून, सवय असल्यासारखा.

माझ्या हातात कप आला तेव्हा मी आधी रंग पाहिला. मग वास घेतला. पत्ती माझी होती. आपल्या पोराचा चेहरा ओळखायला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागला नाही.

मी काकूंना विचारलं, पत्ती कुठून आणता? त्यांनी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचं सांगितलं. मला पाहिलं होतं त्यांनी, बोलणं कधी झालं नव्हतं.

"तुमच्या बाबांनीच सांगतली ना मले. म्हणे दुसरी नका आणू बाई, जामवाली मांगजो. माह्या पोराची आहे."

मी विचारलं, बाबांना तुमच्या पत्तीशी काय काम. त्यांना वाटलं मला माहीत आहे. रोजच तर यायचे, त्या म्हणाल्या. दुपारी ऊन उतरलं की काठी घेऊन ओट्यावर येऊन बसायचे. साखर कमी लागायची, आणि एकदा उकळून उतरवलेला पुन्हा उकळून पाहिजे. बशीत ओतून घ्यायचे. कप स्वतः धुऊन पालथा घालून जायचे.

मी उठून दादापाशी गेलो. भरल्या घरात आवाज चढवला नाही, याचं श्रेय मला कोणी दिलं नाही. विचारलं, तुला माहीत होतं?

"माहीत होतं," दादा म्हणाला. "तिथं घेऊन राह्यले तर घेऊ देत. घरात नाई पाहिजे."

"मंग त्या दिवशी काऊन नाई दिला?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, इतकी साधी गोष्ट मला कशी कळत नाही अशा नजरेनं.

"त्या दिवशी ते घरात होते."

मी पुष्कळ माणसांशी भाव केले आहेत. समोरचा लबाड असला की मला जोर येतो. दादा लबाड नव्हता. तो मनापासून बोलत होता, आणि त्याच्यापुढे माझ्याकडे लावायला भाव उरला नाही. बाबांनी घर शाबूत ठेवलं, तोंड शेजारी नेलं. दादानं तेवढंच पुढे चालवलं. चालता येईनासं झालं तेव्हा त्यांच्यात आणि त्या ओट्यात एक भिंत होती, आणि ती भिंत त्यांनीच चाळीस माणसांदेखत उभी केली होती.

पण माझा राग यानं उतरत नाही. दादावरचा नाही, आणि आता बाबांवरचाही नाही. माझी पत्ती ते शेजारणीला नावानं मागायला लावत होते. मला एकदा सांगायला काय गेलं असतं? जाम काही परदेशात नाही. ओट्यापर्यंत काठी टेकत जाणारा माणूस पोराच्या गाडीत बसून येऊ शकला असता. मी दुकान बंद करून न्यायला गेलो असतो, हे त्यांना माहीत नव्हतं असं म्हणवत नाही.

कोपऱ्यावरच्या त्या दुकानाला माझा माल अजून जातो. भाव तोच आहे. दादाकडे मी जात नाही.

तेरवीनंतर दुकानी आलो आणि काकूंनी सांगितला होता तसा, बाबांचा चहा करून पाहिला. साखर कमी, उतरवून पुन्हा उकळलेला, बशीत ओतलेला. चांगला लागत नाही. दुसऱ्या उकळीला पत्ती कडवट होते आणि जिभेला शेवटपर्यंत ती चव राहते. आमच्या चौकात असा चहा कोणी मागत नाही.