रोमन कायद्यात सावंत जिवंत आहेत

दोह्यात खिडक्या बंद ठेवल्या तरी धूळ आत येतेच. आमच्या गुरुवारच्या मंडळात किस्से तसेच साचतात. झटकले तरी पुन्हा येऊन बसतात.

माझी शाळा इथली, पुढचं शिक्षण युरोपात. रोमन साम्राज्याच्या अखेरच्या काळातला कायदा आणि त्याखाली जगलेली साधी माणसं, हा माझा विषय. परतले ती एका हट्टाने: हे सगळं आपल्या माणसांना मराठीत सांगायचं. गॅस कंपनीतल्या नेनेकाकांनी लुसैलमधला आपला हॉल दिला. लोक खिचडीसाठी येतील, पण बसतील, म्हणाले.

*

पहिल्याच गुरुवारी मी एक स्लाइड दाखवली. पळणाऱ्या गुलामाच्या गळ्यात ठोकायचं लोखंडी कडं. त्यावरचा मजकूर गुलामाच्याच तोंडी: मी पळालोय, मला धरा, मालकाकडे पोचवा.

मंडळी कामावरून थेट आलेली. नेनेकाकांनी गळ्यातलं आयकार्ड गुपचूप काढून खिशात घातलं. मग एकेक करत सगळ्यांनीच.

"काका, एसी जरा कमी करा," कुणीतरी म्हणालं.

जानेवारी होता. एसी बंद होता!

*

पुढच्या वेळी युद्धकैद्यांचा कायदा. शत्रूच्या हाती सापडलेला माणूस कायद्याने मेल्यासारखा. परत आला की घर, जमीन, मुलं पुन्हा त्याची. लग्न मात्र आपोआप परत येत नाही; बायकोने नव्याने हो म्हणावं लागतं.

हमद पोर्टवर क्रेन चालवणारे मालवणकडचे सावंत एरवी गप्प असत. त्यांनी विचारलं, "आणि चाच्यांनी धरल्यानी तर?"

मी खूश! चाचे म्हणजे शत्रू नव्हेत, नुसते लुटारू. त्यांनी पकडलेला माणूस कायद्यासाठी क्षणभरही मरत नाही. त्याचं लग्नसुद्धा मोडत नाही.

"म्हंजे रोमात मी जिवंत आसय," सावंत म्हणाले.

*

मग कळलं. सावंत पूर्वी बोटीवर होते. चाच्यांनी बोट धरली आणि कित्येक वर्षं घरी काही खबर नाही. शेवटी घरच्यांनी दिवस केले. पिंड ठेवल्याबरोबर कावळा शिवला. वाटसुद्धा पाहावी लागली नाही, असं भावाने नंतर कौतुकाने सांगितलं.

"मी तेवा बोटीर भात खायत होतंय," सावंत म्हणाले. "मगे घराकडे तृप्त कोण झालो?"

नेनेकाकूंनी खिचडीचं भांडं परत आत नेलं. त्या दिवशी कुणी जेवलंच नाही.

*

सावंत सुटून घरी गेले, तर भटजींनी सांगितलं, दिवस झालेल्याने पुन्हा जन्म घ्यायला हवा. बारसं झालं. पन्नाशीच्या माणसाला आत्याने मांडीवर घेऊन कानात नाव सांगितलं. आता उरलं स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न. बायको, म्हणजे सुशीलावहिनी, म्हणाल्या, सांगते. त्यानंतर सावंत इकडे कतारला आले. दर सुट्टीत जातात, विचारतात, आणि उत्तर न घेता परत येतात.

हे ऐकून माझ्या अंगात संचारलं. म्हटलं, वहिनींना मी समजावते.

*

पुढच्या गुरुवारी, दुपारीच, काकांच्या हॉलमधून व्हिडिओ कॉल लावला. शेजारी सावंत, इस्त्रीचा शर्ट घालून. मी सगळा कायदा सांगितला. वहिनींनी शांतपणे ऐकला.

"पटला, बाय. हे मेलेच नाहीत. मी पण नको म्हणत नाही." मग त्या सावंतांकडे वळल्या. "पण तो पिंड जेवन तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी जे तुमच्याच रूपान घराक इले, तेंका खंय धाडू?"

सावंत स्क्रीनकडे सरकले.

"तुमी येतास तेवा ते मागल्या पडवीत बसान ऱ्हवतत. तोंडातून शब्द काढनत नाय."

स्क्रीनवर वहिनींच्या मागे पडवीचं दार अर्धं उघडं होतं. सावंतांनी वाकून तिकडे पाहिलं.

"जेवतत?" त्यांनी विचारलं.

"जेवतत. भातावर तूप लागता."

"मगे ऱ्हवांदेत," सावंत म्हणाले.